हेडबाईची जागा

मलकापूर, सोमवार

तीर्थरूप दादांच्या चरणी अनसूचा नमस्कार.

मी खुशाल आहे, दोन्ही वेळा जेवते, हे आईला आधी वाचून दाखवा. तिचा खोकला कसा आहे?

मुलींच्या शाळेत मला हेडबाई केलं, ते कमिटीच्या उकंडरावांना रुचलं नाही. "बाईच्या हुकमात आमच्या पोरी शिकनार नाहीत," असं त्यांनी पेठेत सांगितलं. तपासणीच्या दिवशी शाळा उघडली तर एकही मुलगी नाही. दुपारी इन्स्पेक्टरीणबाई यायच्या होत्या. वर्ग रिकामे दिसले असते तर माझी जागा गेलीच असती.

मी एकटी घरोघर निघाले. काहींनी मला पाहून दार लावलं. नूरबी पिंजारीण मात्र म्हणाली, "बाई, तुमी सोता बोलवाले आल्या ना, मंग पोरी घेऊन जा." मग शेजारणींच्या मुलीही तिनेच गोळा केल्या.

दुपारी इन्स्पेक्टरीणबाईंना वर्ग भरलेले दिसले आणि माझी जागा कायम झाली.

उकंडरावांचा राग अजून गेलेला नाही, माझ्या घराच्या दाराशी थांबून बघतात. मी आतून कडी लावते, काळजी नसावी.

नोकरी सोड, दिवाळीला न्यायला येतो, असं तुम्ही लिहिलंत. दादा, न्यायला नको, भेटायला या. येताना माझं उरलेलं सामान आणा.

तुमची धाकटी,
अनसू