मजकूर कुणाच्या नावे

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांची तीन खोकी आणि एक घसा, एवढाच माझा संसार. ताईने दारातच बजावलं की खोकी जिन्याखाली राहतील. ती वर आली तर मी खाली राहायला जाईन, म्हणाली.

बावीस वर्षांनी आम्ही दोघी बहिणी एका छपराखाली आलो. मी सात वर्षांची असताना आई गेली. तेव्हा ताई सोळा वर्षांची होती. तिने मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि मी मोठी झाले ती तिच्याशीच भांडत. सभेत मला ध्वनिक्षेपक लागत नाही म्हणून ती अजून मला ‘कर्णा’ म्हणते. आज दोनदा म्हणाली. मला काय बरं वाटलं!

काम तिनेच शोधलंय. ती ज्या छापखान्यात तीस वर्षं पुस्तकबांधणी करत होती तो बंद पडला, पण कामगारांचा संघ टिकून आहे. संघाची एक वेबसाइट आहे आणि तिच्यावर जुने कामगार आपल्या आठवणी लिहितात. ती सांभाळणारं कुणी नाही. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, सभा गाजवल्या. वेबसाइट कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. शिकेन. चळवळीत तरी कुणी शिकवायला बसलं होतं?

मंगळवार, ४ मार्च

कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत लांब टेबल, दुसरीत संगणक, त्यावर टॉवेल झाकलेला. अध्यक्षांना सगळे अजून ‘फोरमन’च म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. त्यांनी मृत्युपत्र फोडावं तसं एक पाकीट फोडलं आणि पासवर्डाची चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, बाई, याच्या पलीकडचं मला विचारू नका, मी शिशाच्या अक्षरांतला माणूस. मग छापखान्यातल्या संपाची गोष्ट सांगितली. ताई म्हणते ती ते रोज सांगतात आणि रोज पोलिसांची संख्या वाढते.

पासवर्ड होता छापखान्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो बदलला. हा माझा पहिला पराक्रम.

मग हळूहळू उलगडा झाला. साइट या संगणकात नाहीच. ती होस्टिंग कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या यंत्रावर आहे. आपण इथून फक्त कुलूप उघडायचं. प्रत्येक सभासदाचं एक खातं. ज्याने त्याने आपल्या नावाने लिहायचं. सगळ्यांच्या वर अ‍ॅडमिन, म्हणजे मी. एकूण चौऱ्याण्णव खाती. दिवसभर वाचत बसले. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचं काळं पडलेलं बोट, शाईत पडलेली लग्नाची अंगठी, पहिल्यांदा चष्मा लागला तो दिवस. डोळे भरून आले. हजारो पुस्तकं ज्यांच्या हातून गेली, त्यांतल्या एकाही पुस्तकावर यांचं नाव नव्हतं. इथे आहे.

शुक्रवार, ७ मार्च

होस्टिंग कंपनीच्या मदतनिसाशी फोनवर तासभर बोलले. गृहस्थ शांत आहे, मी ओरडले तरी आवाज चढवत नाही. त्याचं म्हणणं, वर्ष-वर्ष कुणी उघडत नाही ती खाती काढून टाका. प्रत्येक पडीक खातं म्हणजे घराची उघडी राहिलेली मागची खिडकी. पटलं. यादी काढली तर अशी एकसष्ट निघाली. फोरमनचं होतं, ताईचंही होतं.

खातं काढताना यंत्र एक प्रश्न विचारतं: या माणसाचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा? पुसायचा? या लोकांचे शब्द? माझा हात झडला तरी चालेल! समोर आलेल्या नावांत सर्वांत वर माझं होतं. तेच निवडलं. सगळं माझ्या नावे राहील, मग सवडीने प्रत्येक लेखाखाली मूळ नाव टाकीन. एक ओळही वाया जाणार नाही. एकसष्ट वेळा विचारलं, एकसष्ट वेळा मी ठणकावून ‘माझ्या नावे’ केलं.

घरी आल्यावर ताईला चिडवलं की आळशांचा निकाल लावला, त्यांत तू पहिली. ती म्हणाली, लाव बाई, मला कुठे तो पासवर्ड आठवतोय.

सोमवार, १० मार्च

कचेरीचा जिना चढताना पुस्तकबांधणीच्या सरसाचा वास आला. खाली चष्म्याचं दुकान आहे, सरस कुठला! पण वासासरशी अंगठ्याला कागदाची कड लागल्यासारखं झालं, आणि मला लख्ख आठवलं की ही जखम तीन आठवडे भरली नव्हती. मी कधी बांधणी केलेली नाही.

खूप वाचलं की असं होतं. ऐकलेल्या प्रसंगात आपण होतो असंच वाटायला लागतं. वक्त्याचा तर तो धंदाच.

फोरमन आले, संपाची गोष्ट सुरू केली आणि फाटकापाशी थांबले. फाटकावर पुढे कोण होतं, त्यांना आठवेना. मी सांगितलं. फाटकाचा रंग, पहिला दगड कुठून आला, त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, बाई, तुम्ही तेव्हा होतात वाटतं?

बटणाचं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही. मी आत्ता दोनदा तपासलं.

बुधवार, १२ मार्च

एका जुन्या खिळेजुळाऱ्याच्या सुनेचा फोन आला. सासरे दोन दिवस हाताकडे बघत बसलेत. कामावर काय करत होते ते सांगता येत नाही. बरं वाटेल म्हणून तिने साइटवरचं त्यांचंच लिखाण वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, म्हणाले, छान लिहिलंय, कोण या बाई?

खाली माझं नाव होतं ना!

मी तिला डॉक्टरांकडे जा म्हटलं. फोन ठेवला आणि माझी बोटं टेबलावर आपोआप चालायला लागली. डावीकडून उजवीकडे, उलटी अक्षरं उचलत. भराभर. एकही चूक नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आणखी चार घरांतून फोन. सगळे त्या एकसष्टांतले.

दिवसभर एकेक लेख उघडून मूळ नाव घालत होते. पडद्यावर नाव बदलतं, ‘जतन झाले’ असंही दिसतं. पान पुन्हा उघडलं की खाली मीच. शेवटी मदतनिसाला सांगून गेल्या आठवड्याची सबंध प्रत परत चढवायला लावली. एकसष्टही नावं यादीत आली! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मग पुढचा रकाना पाहिला. प्रत्येक नावापुढे लेख: शून्य. माझ्यापुढे नऊशे बारा.

मदतनीस म्हणाला, असं व्हायला नको खरं तर.

मी लग्न केलेलं नाही. तरी आज मला माझ्या तीन लग्नांचे दिवस आठवतात.

सोमवार, १७ मार्च

ताई.

सकाळी ती भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढे उभी होती. मला विचारलं, ही बाई कोण गं, चेहरा गोड आहे. मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. मी आई म्हटलं तर मान हलवली. परक्याचं नाव कळल्यावर आपण हलवतो तशी.

आणि मला आठवतंय. नऊ वर्षांची मी दाराशी उभी आहे. आतून रडणं ऐकू येतं. कुणीतरी माझ्या हातात गाठोडं देतं, म्हणतं, डोकं सांभाळ. लालभडक चेहरा, आवाज केवढा तो! मनात येतं, हा कर्णाच आहे. तेव्हाच नाव पडलं. तेव्हाच.

ते गाठोडं मी आहे.

मी स्वतःला हातात धरलं आहे आणि ते मला आठवतंय. ज्या हातांनी धरलं होतं ते समोर कपात साखर घालत होते. चार चमचे. मग पाचवा. मी कप काढून घेतला तेव्हा तिने मला विचारलं की तुम्ही घेणार का.

तुम्ही.

बुधवार, १९ मार्च

मदतनिसाला सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की माझ्या नावावरचं दुसऱ्याच्या नावे कसं जाईल. तो म्हणाला, वाट एकच. तुमचं खातं काढावं लागेल. तेव्हा यंत्र तोच प्रश्न विचारेल. पण वाटणी होणार नाही, सगळं एकाच नावे जाईल. आणि स्वतःचं खातं स्वतःला काढता येत नाही, दुसरा अ‍ॅडमिन लागेल. सोपं आहे, म्हणाला.

सोपं!

एकसष्ट माणसं. एका माणसाच्या नावे. मग तो माणूस कोण? न्यायाने निवडायचा तर चिठ्ठी टाकावी. सभा बोलवावी. मी आयुष्यभर व्यासपीठावरून आपल्या माणसांची सोय लावणाऱ्यांच्या चिंधड्या उडवल्या आहेत. एकालाही सोडलं नाही. आणि आज माझ्या मनात दुसरं नाव येतच नाही.

शुक्रवार, २१ मार्च

फोरमन जिन्यात बसून होते. वर की खाली, ते ठरेना त्यांचं. मी हात धरून घरी पोचवलं. वाट मला पाठ होती. त्यांच्या घरात कुठल्या कपाटात काय, तेसुद्धा. त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली. मी तिला नवऱ्याने ठेवलेल्या लाडाच्या नावाने हाक मारली होती.

तोंडातून निघून गेलं—

रविवार, २३ मार्च

ताई चमचा कसा धरायचा ते विसरली.

मी भरवलं. तिने मला असंच भरवलं होतं— की मी तिला— गाठोड्याला— मी म्हणजे कोणती मी?

लिहायला बसले की अक्षर बदलतं. वरच्या ओळीतला ‘ळ’ माझा नाही. आतून सगळे एकदम बोलतात. मला बोलायला कधी कुणी अडवू शकलं नाही. आता मीच बोलू शकत नाही, रांग लागलीय.

माझं म्हणून नक्की काय आहे, ते शोधलं. आई गेली तो दिवस? त्या दिवशी मी सात वर्षांची होते. सोळाही होते. दोन्ही तितकंच खरं वाटतं. वेगळं काढता येत नाही. म्हणजे जाईल तेव्हा सगळंच जाईल.

जाऊ दे.

मंगळवार, २५ मार्च

ताईला अ‍ॅडमिन केलं. पासवर्ड तिच्यासाठी मीच ठरवला. संगणक घरी आणलाय. दुपार आहे, खिडकीतून ऊन टेबलावर. ती शेजारच्या खुर्चीत, मांडीवर हात.

हे चूक आहे, मला कळतं. साठ घरं माझ्याकडे बघताहेत. त्यांनी मला माफ करू नये. तिने मला वाढवलं. माझ्याकडे दुसरा युक्तिवाद नाही.

तिच्या नावाने आत शिरले. यादीत माझं नाव. काढून टाका. विचारतंय—

मजकूर कुणाच्या नावे?

ताई.

केलं.

काही होत नाही. ती तशीच बसलीय. मी तशीच— नाही. जिना कुठला होता तो. वास कसला. गेला. बोटं थांबली. किती शांत झालं. किती वर्षांनी—

ती उठली.

खोलीभर चालतेय. नावं घेतेय, एकामागून एक, माणसांची. आवाज केवढा मोठा आहे या बाईंचा. सभेत बोलतात तसा. रडतेही आहे. फोटोपाशी थांबली. आई म्हणाली! आई म्हणाली. मला फार बरं वाटलं. का ते—

आता इकडे आलीय. माझ्यासमोर उभी. वाकून विचारतेय, माझी ताई कुठे गेली, आत्ता इथे खुर्चीत होती, तुम्ही पाहिलीत का. पुन्हा पुन्हा विचारतेय. लहान मुलासारखं.

तिला सांगायला हवं. ताई तूच आहेस. ताई तू आहेस आणि मी तुझी—

मी तुझी