आजोळ उघडत नाही

मयूर विहार, दिल्ली
९ जून

चि. जयेशला अंबादासमामाचे पोटभर आशीर्वाद.

तू, सूनबाई आणि ताई खुशाल असाल असं धरून चालतो. ताईच्या गुडघ्याचं कळव. इकडे उन्हाने कहर केलाय. कूलर हवेपेक्षा आवाज जास्त देतो आणि तुझी मामी कूलरपेक्षा. (हे वाक्य तिच्या नजरेस पडलं तर मी साफ नाकबूल करीन.) या जमान्यात मामाने कागदी पत्र का धाडलं म्हणून चक्रावू नकोस. माझा फोन माझ्याआधी मामी वाचते, आणि मजकूर खासगी आहे.

तर तुझ्या 'आजोळ'विषयी. सगळ्या घराचे फोटो नि व्हिडिओ एका जागी राहावेत म्हणून तू क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतलास आणि त्याला हे नाव दिलंस, फार चांगलं केलंस. मे महिन्यात तू तो नव्या जागी हलवलास आणि ग्रुपवर नवा आकडी पत्ता टाकून लिहिलंस, की आपापल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर राहतं ते लिहिलेली त्याची वही) 'आजोळ'समोरचा जुना पत्ता खोडून हा लिहा, पाच मिनिटांचं काम आहे. जयेश, मी छत्तीस वर्षं सरकारी खात्यात फायली हलवल्या. पाच मिनिटांत हललेली फाइल मी पाहिलेली नाही.

माझ्या विंडोजवर ती फाइल सापडायलाच एक अख्खी दुपार गेली. पत्ता बदलून सेव्ह करतो तर 'परवानगी नाही'! माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर! मग ती डेस्कटॉपवर सेव्ह केली, तिथून उचलून जागेवर नेऊन टाकली आणि ऐटीत 'आजोळ' टाइप केलं. सर्व्हर उत्तर देत नाही. नुसता आकडा टाकून पाहिला तर सर्व्हर ओ देतो, पण कोरं पान दाखवतो. फोटो हवे असतील तर नावानेच बोलवा, असा त्याचा बाणा. तीन आठवडे मी हेच करत होतो. मामीला सांगितलं, तंत्रज्ञान शिकतोय.

आमची सलोनी इथे ठेवून गेलेला ॲपलचा लॅपटॉपही काढला. तो पासवर्ड मागतो, आणि तो फक्त सलोनीला माहीत. आता तिला विचारायचं म्हणजे... तुला ठाऊकच आहे. ती टोरांटोला निघाली तेव्हा पाठ धरल्याचं सांगून मी विमानतळावर गेलो नाही. पाठ धरली नव्हती. त्याला दोन वर्षं झाली. ती आईशी फोनवर बोलते तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर मोठमोठ्याने उलटतो.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या शालिनीताईंकडे गेलो. (रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यात. घरी लिनक्स वापरतात आणि त्याबद्दल मंदिरात बोलावं तशा हळू आवाजात बोलतात.) त्यांनी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत नव्या पत्त्याची एक ओळ लिहिली, पासवर्ड टाकला, आणि पहिल्या फटक्यात आजोळ उघडलं. सगळ्यात वर सलोनीच्या रसिकाचा नवा व्हिडिओ. चार वर्षांची झाली रे ती. रबरी बूट घालून डबक्यात उभी होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "आबा बघतात का?" कॅमेऱ्यामागून सलोनीचा आवाज आला, "बघत असतील."

मी शालिनीताईंना म्हटलं, आवाज नीट येतोय की नाही तपासायला हवं. सहा वेळा तपासला. तिसऱ्या वेळी त्या भांडी घासायला म्हणून आत गेल्या. ओट्यावर एकही भांडं नव्हतं.

मग त्या आमच्याकडे वर आल्या आणि मिनिटभरात चोर पकडला. नोटपॅडने माझ्या फाइलला मागे .txt असं शेपूट लावलं होतं, आणि विंडोज ते दाखवतही नव्हतं. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दोन फायली शेजारी शेजारी, आणि कॉम्प्युटर इमानाने जुनीच वाचतोय. त्यांनी नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे मालकाच्या हक्काने उघडलं, मूळ फाइलमधला पत्ता बदलला, आणि झालं. "बिल्कुल छोटी चूक, अंबादासजी," त्या म्हणाल्या. "नवं लिहिलंत, पण जुनं पुसलंच नाहीत." मामी दारात उभी होती. दोघी एकमेकींकडे का बघत होत्या, ते मला समजलं नाही.

असो. तुझा सर्व्हर उत्तम चालतो एवढंच कळवायचं होतं. ताईला नमस्कार.

तुझा,
अंबादासमामा

ता. क. आजोळवर माझ्या बाजूने काही चढवायचं असेल तर कसं चढवतात? 'बघतो' एवढंच म्हणून एक छोटं रेकॉर्डिंग केलंय. नऊ वेळा केलं. दर वेळी चष्मा पुसावा लागतो. (इकडे धूळ फार.)

ता. क. २. रेकॉर्डिंगचं राहू दे. सलोनीचा नंबर पाठव. माझ्या फोनमधून मी तो रागाच्या भरात पुसला होता. मामीकडे आहे, पण मागितला तर ती नुसती बघेल. ते मला सोसवणार नाही.

ता. क. ३. (हे अक्षर मामीचं.) जयेश, नंबर पाठवू नकोस. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, तेव्हा वाचलं. नंबर लावून फोन ह्यांच्या हातात दिला. मग ह्यांनी विचारलं, "थंडी आहे का गं तिकडे?" जूनमध्ये! तासभर झाला, दार लावून बसलेत. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा ठेवतेय.