क्लाइव्ह हॅलिवेल यांच्या बंद पडलेल्या घरपट्टी-सवलतीबाबत

दिनांक : १३ जानेवारी २०२६

प्रति,
मा. घरपट्टी व सवलत अधिकारी,
आल्डरक्लफ नगर परिषद,
नगर भवन, आल्डरक्लफ.

विषय : जुना आजारपण भत्ता बंद होऊन नवा एकत्रित भत्ता लागू झाल्यामुळे थांबलेली घरपट्टीतील सूट मागील तारखेपासून मिळणे, तसेच दिवंगत श्री. क्लाइव्ह हॅलिवेल यांचे नाव थकबाकीदार म्हणून असलेल्या नोंदीतून काढणेबाबत.

संदर्भ : १) न्यायालयात हजर राहण्याची आपली नोटीस, जून २०२५.
२) आपले पत्र, दि. १४ नोव्हेंबर २०२५.

महोदया,

वरील विषयास अनुसरून श्रीमती ग्लेंडा हॅलिवेल, वय ५९, राहणार ११, टॅनरी रो, यांच्या वतीने हा अर्ज सविनय सादर करण्यात येत आहे. अर्ज लिहिणारा नॉर्मन ऐन्सकॉ हा आपल्याच कार्यालयाच्या वसुली विभागातून अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला कारकून असून, दर मंगळवारी गावच्या वाचनालयात बसून लोकांचे फॉर्म विनामूल्य भरून देतो. या प्रकरणात त्याचा संबंध केवळ लेखनिकापुरता नाही. तो कसा, ते पुढे परिच्छेद ३ मध्ये आलेले आहे.

१. श्रीमती हॅलिवेल यांचे पती श्री. क्लाइव्ह हॅलिवेल यांनी आपल्या नगर परिषदेच्या रस्ते विभागात एकोणतीस वर्षे पदपथाच्या फरशा बसवण्याचे काम केले. दगडाची भुकटी छातीत जाऊन त्यांची फुफ्फुसे निकामी झाली व त्यांना वीस पावलेही सलग चालता येईना. त्यांनी काम सोडले त्या दिवशी टोळीतल्या माणसांनी वर्गणी काढून त्यांना बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी घेऊन दिली. त्या गाडीवर बसून श्री. हॅलिवेल रोज दुपारी गावात चक्कर मारीत आणि सोबत चालणाऱ्या पत्नीला प्रत्येक फरशीचा इतिहास ऐकवीत. "ही माझी, बघ, तीस वर्षं झाली तरी हलत नाही. आता पुढची बघ. ती ठेकेदाराची. चहा सांडेल माझा." यावर श्रीमती हॅलिवेल म्हणत, "घरातल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, तो कुठल्या ठेकेदाराचा?" हा तपशील कार्यालयास अनावश्यक वाटेल, परंतु गाडीचा संबंध पुढे येणार असल्याने तो नमूद केला आहे.

२. श्री. हॅलिवेल यांना आजारपण भत्ता मिळत असे. त्याच आधारावर आपल्या कार्यालयाकडून त्यांना दोन गोष्टी मिळत : घरभाड्यास मदत, आणि भाडेकरूलाच भरावी लागणारी जी घरपट्टी तिच्यात जवळजवळ पूर्ण सूट. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीनिशी येत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारचे पत्र आले की जुना भत्ता बंद होत आहे, तीन महिन्यांच्या आत नव्या एकत्रित भत्त्यासाठी अर्ज करावा, अन्यथा मिळते आहे तेही जाईल. ते पत्र वाचल्यापासून श्रीमती हॅलिवेल यांना झोप लागेना. अर्ज संगणकावरूनच करायचा होता आणि त्यांच्या घरी संगणक नाही. उशीवर केसांचे पुंजके पडू लागले, तेव्हा श्री. हॅलिवेल यांनी गाडी काढली व पत्नीला घेऊन वाचनालय गाठले.

३. दि. १४ जानेवारी २०२५, मंगळवार रोजी अर्ज लिहिणाऱ्याने त्यांचा नवा अर्ज भरून दिला. शेवटी श्रीमती हॅलिवेल यांनी विचारले, "आणि घरपट्टीचं काय? त्याचा वेगळा कागद असतो का?" अर्ज लिहिणाऱ्याने उत्तर दिले, "भाड्याची मदत यातच आली ना? मग तेही यातच येतं, बाई. आता निर्धास्त घरी जा."

हे उत्तर चुकीचे होते. भाड्याची मदत नव्या भत्त्यात विलीन झाली, परंतु घरपट्टीतील सूट कधीच त्याचा भाग नव्हती. ती नगर परिषदेकडे स्वतंत्रपणे नव्याने मागावी लागते. जुना भत्ता थांबला त्या दिवशीच सूट थांबली. ज्याने बावीस वर्षे याच विषयाच्या फायली हाताळल्या, त्याने हे विचारून घ्यायला हवे होते. त्याने विचारले नाही. कार्यालयाने कोणाकडे खुलासा मागायचाच असेल तर तो त्याच्याकडे मागावा.

४. फेब्रुवारीत आपले सुधारित बिल गेले, मार्चमध्ये नव्या वर्षाचे, मग स्मरणपत्र, मग शेवटची सूचना. यांपैकी एकही कागद श्रीमती हॅलिवेल यांच्या हाती पडला नाही. श्री. हॅलिवेल यांची खुर्ची दाराशी असे. ते म्हणत, "मी बसूनच असतो, टपाल तरी माझ्याकडे राहू दे." पत्नीला वाटे, माणसाला काहीतरी काम हवे. गेल्या हिवाळ्यात तिची झालेली दशा त्यांनी पाहिली होती आणि सरकारी पत्राचे तपकिरी पाकीट तिच्या नजरेस पुन्हा पडू द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. चूक कोठे झाली हे त्यांना कळले नव्हते. आपण खरोखरच देणे लागतो, असेच त्यांना शेवटपर्यंत वाटत होते.

५. त्यांनी आपल्या कार्यालयाशी संपर्क साधला नाही, असे आपल्या नोंदीत आहे. ते खरे नाही. अंतिम सूचनेच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे : "३ जून. चाळीस मिनिटं थांबलो. बाई आली. मला खोकला आला. थांबेना. तिनं हॅलो हॅलो केलं नि ठेवला." त्याखाली एका ओळीत : "उद्या परत." दुसऱ्या दिवसाची काही नोंद नाही. ३ जूनलाच दुकानातून परतलेल्या पत्नीला ते फोनशेजारी जांभळे पडलेले दिसले होते. "कोणाशी बोलत होतास?" असे तिने विचारले. "राँग नंबर. माणूस गप्पिष्ट निघाला," असे ते म्हणाले. पलीकडून फोन ठेवणाऱ्या बाईंचा येथे दोष काढायचा नाही. खोकणारा माणूस फोनवरून दिसत नाही.

६. जूनमध्येच न्यायालयात हजर राहण्याची आपली नोटीस आली. नोटिशीवर पती-पत्नी दोघांची नावे होती. तिच्यात सबंध वर्षाची रक्कम एकदम मागितली होती व वर न्यायालयाचा खर्च. ग्लेंडाचे नाव न्यायालयाच्या कागदावर पाहून क्लाइव्ह यांनी काय केले, ते श्री. डेरेक शोरॉक यांच्या जबाबावरून समजते. श्री. शोरॉक हे चर्च स्ट्रीटवर अपंगांच्या गाड्या दुरुस्त करण्याचे व विकण्याचे दुकान चालवतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लाइव्ह गाडीवर बसून एकटेच दुकानात आले आणि म्हणाले, "डेरेक, काय देशील हिचं?" डेरेक यांना वाटले, नवी घ्यायची असेल. त्यांनी साडेसहाशे पौंड सांगितले. क्लाइव्ह यांनी घासाघीस केली नाही. त्यांनी आसनाखालचा पावसाळी कोट काढून घेतला, चाकाला लागलेला चिखल रुमालाने पुसला आणि विचारले, "मला टपाल कचेरीपर्यंत सोडशील? आणि मग घरी? ग्लेंडा बहिणीकडे गेलीये, पाचला येईल." टपाल कचेरीतून त्यांनी ते साडेसहाशे सगळेच्या सगळे घरपट्टीत भरले. पावती सोबत जोडली आहे. परतताना डेरेक यांच्या मोटारीत त्यांनी एकच गोष्ट सांगितली : "तिला म्हणेन, बॅटरी गेलीये, तुझ्याकडं दुरुस्तीला टाकलीये. तू तेवढं निभावून ने."

डेरेक यांनी ते निभावून नेले. श्रीमती हॅलिवेल दोनदा विचारायला गेल्या, तेव्हा "सुटा भाग यायचाय" असे त्यांनी सांगितले. तिसऱ्यांदा क्लाइव्हच तिला म्हणाले, "कशाला हेलपाटे घालतेस? मलाच आता बाहेर जायची हौस नाही. ऊन सोसत नाही मला."

७. महोदया, गेल्या वर्षीचा उन्हाळा आपल्याही लक्षात असेल. असे ऊन या गावात फार वर्षांनी पडले होते. कालव्याच्या काठाने सारा गाव बाहेर पडला होता. श्री. हॅलिवेल जुलैपासून पुढचे चार महिने दाराशी बसून होते. श्रीमती हॅलिवेल यांना आपला नवरा मनाने खचला असे वाटले आणि त्यांना त्याचा रागही आला. एकदा त्या बोलून गेल्या, "आळशी झालास तू. माणसं काय काय घेऊन जगतात, आणि तू साधा दाराबाहेर पडत नाहीस." यावर ते हसले आणि म्हणाले, "माझ्या फरशा आता माझ्यावाचून बसतील जागेवर." हे वाक्य अर्जात घालावे, असे श्रीमती हॅलिवेल यांनी आग्रहाने सांगितले. स्वतःचे वाक्यही वगळू नये, असे त्या म्हणाल्या.

८. रविवार, दि. ९ नोव्हेंबर रोजी सकाळी, चहा येण्यापूर्वी, श्री. हॅलिवेल खुर्चीत वारले.

बुधवारी मृत्यूची नोंद झाली. ती खबर निबंधकाकडून आपल्या कार्यालयास त्याच दिवशी पोहोचली आणि शुक्रवारी आपले संदर्भ क्र. २ चे पत्र निघाले. त्यात म्हटले आहे की आपल्या परिस्थितीत झालेल्या बदलामुळे, घरात आता एकच प्रौढ व्यक्ती राहत असल्याने, दि. १० नोव्हेंबरपासून घरपट्टीत एक चतुर्थांश सूट मंजूर करण्यात येत आहे, व उरलेल्या थकबाकीची जबाबदारी आता एकट्या आपणावर आहे. ही सूट मागण्यासाठी श्रीमती हॅलिवेल यांना अर्ज करावा लागला नाही, फोन करावा लागला नाही. माणूस गेल्याची बातमी दोन दिवसांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. तोच माणूस जिवंत असताना त्याचा भत्ता बदलला, ही बातमीही आपल्याकडे आली होती, म्हणूनच सूट थांबली. परंतु नवी सूट कशी मागायची हे सांगणारे कोणी त्या दाराशी दहा महिन्यांत गेले नाही. यापेक्षा अधिक लिहिण्याचा अधिकार अर्ज लिहिणाऱ्यास नाही, कारण सांगू शकणाऱ्या माणसांत तोही एक होता.

९. ते पत्र वाचून श्रीमती हॅलिवेल यांना प्रथम थकबाकी म्हणजे कशाची, हेच कळेना. त्याच आठवड्यात अंत्यविधीच्या वेळी वाजवायचे गाणे शोधताना त्यांनी क्लाइव्ह यांची एक जुनी तबकडी वेष्टनातून काढली, तेव्हा तिच्याबरोबर दोन तपकिरी पाकिटे जमिनीवर पडली. मग त्यांनी एकेक वेष्टन झटकले. एकूण नऊ पाकिटे निघाली, सगळी फोडलेली, तारखेच्या क्रमाने लावलेली. दुसऱ्या दिवशी त्या गाडी परत आणायला श्री. शोरॉक यांच्या दुकानात गेल्या, आणि तेथे डेरेक यांना आणखी निभावणे जमले नाही. ते रडू लागले. श्रीमती हॅलिवेल यांनीच त्यांना चहा करून दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी त्या ती नऊ पाकिटे घेऊन वाचनालयात आल्या. अर्ज लिहिणाऱ्याने पहिले पाकीट उघडले, तारीख वाचली, आणि आपण वर्षाच्या सुरुवातीला काय बोललो ते त्याला आठवले. त्याने ते त्यांना तेथेच सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही दमला होतात त्या दिवशी, नॉर्मन. मागं अजून सहाजण रांगेत होते." त्यांनी रागावून बोलायला हवे होते. त्या बोलल्या नाहीत, म्हणून हे येथे लिहावे लागत आहे.

१०. सबब नम्र विनंती की,

सूट वेळेत न मागण्यास सबळ कारण होते हे मान्य करून ती दि. १४ जानेवारी २०२५ पासून ९ नोव्हेंबर २०२५ पर्यंत मंजूर करावी; त्या नोटिशीवरून झालेला न्यायालयाचा आदेश व त्याचा खर्च मागे घेण्याची तजवीज करावी; आणि श्री. क्लाइव्ह हॅलिवेल यांच्याकडे या नगर परिषदेचे काहीही येणे नव्हते, असे त्यांच्या नावानिशी लेखी कळवावे. सूट मंजूर झाल्यास त्यांनी भरलेले साडेसहाशे पौंड जादा ठरतील. त्यांतून गाडी परत घ्यावी, असे डेरेक यांनी सुचवले होते. श्रीमती हॅलिवेल "कोणासाठी?" इतकेच म्हणाल्या. तरी रक्कम त्यांना परत मिळावी. अंत्यविधीचा खर्च अजून बाकी आहे.

११. शेवटी एक बाब आपल्या निदर्शनास आणणे आवश्यक आहे. येथून पुढच्या काळासाठी श्रीमती हॅलिवेल यांना घरपट्टीतील सूट त्यांच्या एकटीच्या नावे नव्याने मागावी लागत आहे. तो फॉर्म आज वाचनालयात भरला. त्यात दुसरा प्रश्न आहे : "आपल्याबरोबर आपला जोडीदार राहतो का?" चौकटी दोनच, होय आणि नाही. खाली ठळक अक्षरांत इशारा आहे की खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे.

श्रीमती हॅलिवेल पेन हातात धरून बराच वेळ बसल्या. अर्ज लिहिणाऱ्याने "नाही"च्या चौकटीवर बोट ठेवून दाखवले. त्यांनी मान हलवली, समजले असे सांगितले, आणि "होय"वर खूण केली.

खूण चुकली आहे, हे अर्ज लिहिणाऱ्याच्या त्याच वेळी लक्षात आले होते. त्याच्याजवळ कोरा फॉर्म होता. तो त्याने पुढे केला नाही. तरी ही खोटी माहिती समजण्यात येऊ नये, आणि समजायचीच झाल्यास ती खालील दुसऱ्या सहीच्या नावे धरावी, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही) ग्लेंडा हॅलिवेल

चुकीस जबाबदार व अर्ज लिहिणारा,
(सही) नॉर्मन ऐन्सकॉ
सार्वजनिक वाचनालय, आल्डरक्लफ

सोबत : आपल्या कार्यालयाची नऊ पत्रे, पाकिटांसह, टपाल कचेरीची पावती, श्री. डेरेक शोरॉक यांचा सहीचा जबाब. सवलतीचा नवा फॉर्म, भरलेला.