बोडिलच्या नाशपातीच्या झाडाविषयी शेवटची व्यवस्था

मी, थीरा लिंडेगोर, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त न्यायाधीश, राहणार लुंडेबी, तोसिंगे बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने आणि कोणाच्याही दडपणाविना करीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बोटांविषयी त्यांना तसा दाखला देता आला नाही. म्हणून मजकूर मी सांगितला आणि शेजारीण एल्सेबेथ क्रो यांनी तो टंकित केला. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्ही आशेच्या भरात केलेली होती.

पहिले, घराविषयी. घर विकावे. कर आणि अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल ती रक्कम, तसेच बँकेतील शिल्लक, बेटावरील शाळेच्या ग्रंथालयास द्यावी. तर्कशास्त्राची पुस्तकेही तिथेच जावीत. ती कोणी वाचेल अशी अट मी घालत नाही. पाळता न येणारी अट ही अट नव्हेच.

दुसरे, बागेविषयी. बाग हा वेगळा भूखंड असून तो माझ्याच नावावर आहे. तीत उभे असलेले नाशपातीचे झाड मात्र माझे नाही, आणि याचा खुलासा करणे भाग आहे.

ते झाड माझी धाकटी बहीण बोडिल हिने बी लावून वाढवले. नाशपातीचे बी आईबापांवर जात नाही. म्हणून या झाडासारखे दुसरे झाड जगात नाही, आणि कलम केल्याखेरीज होणारही नाही. फळ लहान, साल खरखरीत, आणि नोव्हेंबरात कापले की गराला बडीशेपेचा वास येतो. बोडिल गेली, तेव्हा तिची मुलगी सिसेल हिने ‘बोडिलचे नाशपाती मंडळ’ स्थापन केले. कलमे करून झाड टिकवणे हा त्याचा एकमेव उद्देश. आमच्याकडे दोघांना एकच गोष्ट आवडली की मंडळ निघते. तिसरा आला की उपसमिती. सिसेलच्या विनंतीवरून मी झाड रीतसर मंडळाला दिले आणि नियमावलीही लिहून दिली. तीत स्पष्ट म्हटले आहे की अध्यक्षांच्या लेखी परवानगीविना झाडाला चाकूचे पाते लावू नये. हौशी पाहुणे फांद्या मोडून नेत असत. नियम योग्य होता. अध्यक्ष पहिल्यापासून सिसेलच आहे.

मंडळाने आळस केला असा माझा आरोप नाही; पुरावा नेमका उलट आहे. बोधचिन्ह झाले. वार्षिक सभा झाल्या, कॉफी, गोड पाव आणि समूहगीतासह. सिसेल ओडेन्स शहरातल्या कचेऱ्यांना कामाच्या वेळेचे नियोजन शिकवते. तिने मंडळाचे वर्ष रंगीत चौकोनांत मांडून दिले. हिरवा चौकोन विचारविनिमयाचा, पिवळा आढाव्याचा. चाकूला रंग मिळाला नाही.

काम झाले की नाही, हे कशावरून ठरवावे? माझ्या मते, ते संपल्यावर जगात काय बदलले यावरून. मंडळाच्या मते, घरी परतताना आपण किती दमलो यावरून. हा मतभेद कधीच मिटला नाही. त्यावर मंडळाने एक चर्चासत्र मात्र घेतले.

बोटे चालत होती त्या शेवटच्या हिवाळ्यात मी सिसेलच्या परवानगीने कलमाच्या काड्या कापल्या आणि ओल्या वाळूत बांधून खजिनदार टोर्किल बांग यांच्या हवाली केल्या. ज्यांवर कलम बांधायचे ते खुंट त्यांनी आणायचे होते. खुंट कोणत्या जातीचे असावेत यावर सभेत एकमत झाले नाही आणि काड्या सभागृहाच्या बॉयलरशेजारी पडून राहिल्या. मी बांग यांना विचारायला गेले.

“त्या होय, थीराताई? वाळून खडखडीत झाल्या की. पण सभा काय रंगली होती म्हणून सांगू! कोणी उठायला तयार नाही.”

“आणि खुंट?”

“अहो, त्यावर अहवाल येतोय ना.”

टोर्किल बांग यांना मी माझी मोठी कॉफीची किटली देते. तिचा ते पुरेपूर उपयोग करतील याविषयी मला शंका नाही.

गेल्या शरदात झाडाच्या मुळांशी बुरशी सापडली. तपासायला आलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की झाड वसंतात फुलेल, पण उन्हाळा काढणार नाही. म्हणजे काड्या कापायला हाच एक हिवाळा उरला होता, तोही कळ्या फुगण्यापूर्वीचा. स्वेनबोर्गचा रोपवाटिकावाला खुंट घेऊन यायला तयार होता. सिसेलची सही तेवढी हवी होती. जानेवारीत मी तिला फोन करून हे सर्व सांगितले.

“मावशी, मी एकटीने सही केली तर बाकीच्यांना काय वाटेल? आधी बैठक घ्यायला हवी.”

“मग घे.”

“एक तास मोकळा नाही गं माझा. आणि त्यातलं निम्मं याच झाडाचं काम आहे. आईच्या झाडासाठी मी किती धावतेय, तुला दिसत नाही का?”

“धावणं दिसतं.”

“तू ना, अजून न्यायासनावरून उतरलीच नाहीस.”

मार्चमध्ये मी पुन्हा विचारले. उत्तरादाखल बैठकीची विषयपत्रिका आली.

परवानगीविनाच काड्या का कापवून घेतल्या नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. झाड माझे नव्हते. आयुष्यभर जे इतरांना नाकारले, ते स्वतःला देता येत नाही. या उत्तराने माझे समाधान होत नाही. पण ते चूक ठरवणारा युक्तिवादही मला सापडलेला नाही.

तिसरे. या मृत्युपत्राच्या मसुद्यात बाग सिसेलला एका अटीवर दिली होती: कळ्या उमलण्यापूर्वी कलम व्हावे. ती अट मी आज काढून टाकली. कारण नमूद करते. आज सकाळी तिचा फोन आला.

“मावशी, जमवलं बघ! बैठक झाली, ठराव एकमताने मंजूर. मे महिन्यातला पहिला शनिवार. मी स्वतः येते कापायला. आईचा चाकू काढून ठेव.”

बोडिल गेल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

“ये,” मी म्हटले. “जेवायलाच ये.”

झाड आज पूर्ण फुललेले आहे. आता कापलेली काडी कोणत्याही खुंटावर जगणार नाही. हे मी तिला फोनवर सांगितले नाही. त्या शनिवारी मी असेन तर समोर बसवून सांगेन; नसेन तर हा कागद सांगेल.

बाग आणि बोडिलचा चाकू मी सिसेलला विनाअट देते. तिने स्वतःला दोष देऊ नये, आणि दोष कोणाचा हे ठरवायला समितीही नेमू नये. बुरशी पसरू नये म्हणून झाड मुळांसकट काढून जाळावे लागेल. रोगट झाड हटवण्याचा अधिकार नियमावलीने जमिनीच्या मालकाला दिला आहे. त्यासाठी बैठक लागत नाही, ठराव लागत नाही, एक सही पुरते. ती सही सिसेलची असेल. दिवस तिने स्वतः ठरवावा आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठेवू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, आणि खालील दोघांसमक्ष मी त्यावर सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळत नाही, आणि दोघेही मंडळाचे सभासद नाहीत. बेटावर असे दोघे शोधण्यास वेळ लागला.

ठिकाण: लुंडेबी, तोसिंगे
दिनांक: २४ एप्रिल २०२४

(सही) थीरा लिंडेगोर

साक्षीदार:
१. (सही) एल्सेबेथ क्रो, शेजारीण
२. (सही) क्रेस्टेन दाम, शाळाशिक्षक