विनोदाआधीचं हसू

रविवार, संध्याकाळ

आज नात पिंकीसंगं जळगावला उडत्या घोड्याच्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. पहिला दोघींनी मिळून पाहिला, दुसराही मिळूनच पाहायचा असं ठरलेलं. पण हा अगदी आळणी, मीठ विसरलेल्या भरतासारखा. घोडा उडायचं सोडून नुसता उपदेश करतो. आणि पिंकी आधीच हसते, घोडा घसरतो मागून! असं कसं? मी बोरं खायची थांबले, तिच्यावरच नजर ठेवली. पुन्हा तेच, हसू आधी!

घरी परतताना असोद्याच्या बसमध्ये विचारलंच, "खरं सांग, आधी पाहिलाय ना?"

"मैत्रिणींसंगं वं आजी. सांगितलं असतं तर तू रुसली असती."

रुसलेच असते. पण एवढा रटाळ सिनेमा पोरीनं माझ्यासाठी दुसऱ्यांदा सोसला! तिसरा निघाला तर तिनं खुशाल आधी बघून यावा.