काकूंच्या बॅगेतली खाच

तीर्थरूप काकू,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे ठीक. म्हणजे घरचे ठीक. मी तोंड लपवून आहे. का, ते पुढे येईलच (मी आडवळणाने सांगतो हे तुम्ही जाणताच, शाळेचा निकालसुद्धा मी आधी हवापाणी सांगून मग सांगायचो).

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. विमानतळावर बॅगा तपासायला बसणाऱ्यांना मी शिकवतो. वर्गात खऱ्या बॅगा नसतात. पडद्यावर बॅगेच्या आतलं चित्र येतं, धातू निळा, कपडे नि खाणं नारिंगी, आणि बारा सेकंदांत ‘धोका’ किंवा ‘निर्धोक’ बटण दाबायचं. पण आमची चित्रं इतकी जुनी झाली होती, की कुठल्या बॅगेत कुठल्या कोपऱ्यात पिस्तूल आहे ते मुलं डोळे मिटून सांगत. नवी चित्रं हवी होती. तेव्हा तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात आणि दुपारी जरा पडला होतात. आमचं शिकवणीचं केंद्र गल्लीच्या टोकालाच. मी तुमची तपकिरी बॅग उचलली, यंत्रातून काढली आणि तुम्ही चहाला उठायच्या आत जागेवर ठेवली. न विचारता. इथे पहिल्यांदा कान पकडतो.

आत चष्म्याची तीन घरं (एकातही चष्मा नाही), बटणांचा डबा, शाल आणि ती गरम पाण्याची पिशवी, जी पडद्यावर फारच भयंकर दिसते. प्रत्येक चित्राचं बरोबर उत्तर मीच लिहून ठेवतो. आमच्या काकूंच्या बॅगेत असून असून काय असणार, म्हणून लिहिलं ‘निर्धोक’.

परीक्षेत हे चित्र तीनदा आलं. अठरापैकी सतरा जणांनी माझ्यासारखंच उत्तर दिलं. एकट्या बारकीने (अंगाने बारीक, म्हणून सगळे बारकी म्हणतात) तिन्ही वेळा ‘धोका’ दाबलं. नसलेला धोका तीनदा दाखवला की नापास, असा नियम आहे (तोही मीच केलेला). ती विचारायला आली, “सर, शालीच्या घडीत पातं आहे.” मी म्हटलं, “अगं, ती माझ्या काकूंची बॅग आहे.” तर म्हणते, “म्हणून काय झालं, सर?” आता फळ्याच्या वर माझंच वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेलं आहे: बॅग कुणाची ते बघू नका, आत काय ते बघा. सतरा माना एकदम वर गेल्या. पण पडलो तरी नाक वर, त्याला मी काय करू? ‘नजर साफ ठेव’ असं तिला सुनावलं आणि नापासाचा शिक्का मारला. तिची नोकरी त्या निकालावर आहे आणि यादी सोमवारी वर जाते. ती मला अजून रोज पूर्वीसारखाच नमस्कार करते.

काल ते चित्र मोठं करून पाहिलं. पातं आहे. मला दिसलं नव्हतं.

लोभ होता त्यातला थोडा उरला तरी पुष्कळ.

तुमचा,
वीस वर्षं दुसऱ्यांना नजर शिकवणारा पुतण्या

ता. क. शालीत काकांचा वस्तरा होता, एवढं दोन ओळींत लिहून सोमवारच्या आत पाठवा. काका गेल्यावरही तो जवळ का ठेवता ते लिहायची गरज नाही. ते मला कळतं.

आणखी एक. ‘मला दिसलं नव्हतं’ ही थाप आहे. पहिल्याच दिवशी दिसलं. पात्याच्या टोकाला खाच आहे, आणि ती लहानपणी पेन्सिलीला टोक काढताना मी पाडली होती, दादाने नाही. मार त्याने खाल्ला. तुम्हाला वस्तऱ्याबद्दल विचारायला जीभ रेटेना, म्हणून ‘निर्धोक’ लिहिलं. आणि लिहिलेलं खोडायची लाज वाटली, म्हणून त्या पोरीला नापास केलं.

शेवटचं. तुमचं पत्र मी साहेबांपुढे ठेवणार आहे. त्यात सवयीने ‘पुतण्या बिचारा साधा आहे, त्याच्या लक्षात आलं नसेल’ अशी ओळ घालाल, ती घालू नका. दादाला मार पडत होता तेव्हाही तुम्ही माझ्याबद्दल नेमकं हेच म्हणाला होतात.