दामाजीच्या नावातली फट

मी, कान्हा भिवाजी कोळी, वय ६३, धंदा पेंटर, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणायला कुणी फिरकलंच नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

१. राहतं घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी जनाबाई हिला. माळ्यावरचे रंगाचे डाग तिने घासत बसू नये. ते निघणार नाहीत, हे तीस वर्षं सांगतोय.

२. माझं चौकोनी अक्षर, ज्याला कोळीवाडा ‘खोका अक्षर’ म्हणतो, मुलगी शीला हिला. सोबत पट्टी आणि चौकटीची वही. या अक्षरात गोलाई नाही. उभी-आडवी रेघ एकाच जाडीची, ‘ठ’चं पोटसुद्धा चौकोनी. व्हिडिओ पार्लर, कराटे क्लास, टेंभी नाक्यावरची दहीहंडी, जिथे लांबून दिसायचं आणि जरा दम द्यायचा असेल तिथे वापरावं. लग्नपत्रिकेला वापरू नये. एकदा वापरलं, तर मुलीकडच्यांना ती कोर्टाची नोटीस वाटली. शीला डोंबिवलीत कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवते. तिने हे त्यात जरूर घालावं, पण कोपरे गोल केले तर याद राखावी.

३. थोरला भाऊ दामाजी याच्याविषयी. १९८७ साली तो मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. त्याच्या प्रचाराची भिंत मी रंगवणार होतो. आदल्या दिवशी चारचौघांत मासळीच्या खोक्यांकडे बोट दाखवत म्हणाला, “कान्ह्या, ही अक्षरं हायत का मावऱ्याची खोकी?”

माझ्या अक्षरात ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढाच, की ‘भ’च्या डोक्यावरच्या रेघेत दोन बोटांची फट असते. ती मी बुजवली. सकाळी सगळ्यांनी वाचलं, ‘दामाजी माऊ यांनाच मत द्या’. पोरं म्याव म्याव करत त्याच्या मागे फिरली. अकरा मतांनी पडला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

नऊ वर्षं मी सांगत आलो, ब्रश घसरला. तो लोकांना विचारतो, आईच्या नावाच्या होडीवर ‘भागीरथी’ लिहिताना कसा नाही घसरला? बरोबर विचारतो. मी मुद्दाम केलं. अजून हसू येतं, आणि त्याची फार आठवणही येते.

४. भिंत तशीच आहे, ऑइलपेंट पावसाला दाद देत नाही. भिंतीच्या रंगाचा डबा आणि दोन बोटं रुंद ब्रश दामाजीला. माझ्यामागे त्याने आपली फट पाडून घ्यावी.

५. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, असं वकील म्हणतात. तरी दुसरी जागा मी रिकामी ठेवली आहे. दामाजीने तिथे सही केली, तर कलम ४ रद्द. मग फट मीच जिवंतपणी पाडीन, त्याने शिडी धरावी. शीला त्याला बोलवायला गेली आहे.

ठाणे, दि. ११ नोव्हेंबर १९९६
सही: कान्हा भिवाजी कोळी

साक्षीदार:
१. देवराम दगडू जाधव, शेजारी
२. वाचलं. शिडी धरतो. पण फट राहू दे, नातवंडं त्याच नावाने हाक मारतात.
सही: दामाजी माऊ